विषय: शनिवारची सहल – ती इमारत मुळात शाळेची

नमस्कार मंडळी,

आपल्या सिंगापूरच्या मराठी वर्गाची सहल पेरानाकन म्युझियमला ठरलीय (पेरानाकन म्हणजे इथल्या बायकांशी लग्न करून स्थायिक झालेल्या परदेशी व्यापाऱ्यांचे वंशज). "पोरांना आणखी एक म्युझियम कशाला?" असं मीनलने विचारलंय. अगं, आर्मेनियन स्ट्रीटवरची ती इमारत मुळात शाळेची!

चीनच्या फूजियान प्रांतातून इथे आलेल्या, होक्किएन बोली बोलणाऱ्या लोकांच्या मंडळाने १९०६ मध्ये ताओ नान ही प्राथमिक शाळा काढली. स्वतःची जागा नव्हती, तेव्हा नॉर्थ ब्रिज रोडवर टॅन बू लियाट यांच्या बंगल्यात वर्ग भरत. पुढे जावामधल्या सेमारांगच्या उई तिओंग हाम यांनी १०,००० डॉलर दिले आणि १९१२ मध्ये ही इमारत उभी राहिली. हे गृहस्थ साखरेचे बडे व्यापारी. साखरसम्राट आणि शाळा, ही जोडी आपल्याला काय नवी! आत गेलात की बघा, मधे चौक आणि भोवती खोल्या, थेट वाड्यासारखं.

नाव तर मला फारच आवडतं. यांग शी हा शिष्य फूजियानला घरी निघाला, तेव्हा त्याचे गुरू, जुने चिनी तत्त्वज्ञ चेंग हाओ, म्हणाले होते, माझा 'ताओ', म्हणजे मार्ग, आता दक्षिणेला चालला. 'नान' म्हणजे दक्षिण. सिंगापूर त्याच्याही किती दक्षिणेला!

शाळा १९८२ मध्ये इथल्याच मरीन परेड भागात गेली. अजून जोरात चालू आहे.

– श्रीकांत

---

श्रीकांतदादा, शिकवायचे कुठल्या भाषेत? घरी तर होक्किएनच असणार ना?

– मीनल

---

बरोबर पकडलंस. आधी होक्किएनमध्येच शिकवायचे. १९१६ मध्ये मंडळाच्याच या शाळेने मंदारिन, म्हणजे प्रमाण चिनी, धरली. कँटोनीज, तिओच्यू अशा दुसऱ्या चिनी बोली बोलणाऱ्या घरांतल्या मुलांनाही मग तिथे शिकणं सोपं जाणार होतं. निर्णय शहाणपणाचा, पण घरची बोली वर्गाबाहेर गेली ती गेलीच. पुढे मंदारिनवरही तीच पाळी आली. १९८७ पर्यंत इथल्या सगळ्याच शाळांचं माध्यम इंग्रजी झालं.

– श्रीकांत

---

दादा, हे वाचून गेल्या महिन्यातलं आठवलं. आपल्या वर्गात माझी लेक "मले पाणी पाह्यजे" म्हणाली आणि सगळे खो खो हसले. तेव्हापासून ती आजीशीही वऱ्हाडी बोलत नाहीये. आई महिनाभर इथेच आहे, सहलीला तिलाही आणते. तिचे गुडघे दुखतात, तिथे जिना फार आहे का?

– मीनल