मदत हवी आहे : मुलांच्या हॉस्पिटलात रुग्णसुरक्षेचं काम विनामूल्य करायचंय, आत शिरायचं कसं?

गिरणाकाठ
सरळच विचारते. मला मुलांच्या हॉस्पिटलात काम करायचंय. पगार नको, प्रवासखर्च नको. पण काम सुरक्षिततेचंच हवं. औषध चुकू नये, एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला जाऊ नये, इन्फेक्शन लागू नये, मूल कॉटवरून पडू नये, यासाठी जे काही करता येईल ते. एका ठिकाणी म्हणाले, बालदिनाला या, खेळणी वाटू. दुसरीकडे रिसेप्शनच्या पुढे सोडलं नाही. मेल करा म्हणाले, मेलला उत्तर नाही. खेळणी वाटणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण मला ते करायचं नाही.
कुणाला भेटायचं? काय म्हणायचं? कागदपत्रं कोणती? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया लवकर लिहा, याच महिन्यात सुरू करायचं आहे.

पाणवठा
शहर कोणतं? हॉस्पिटल सरकारी, ट्रस्टचं की खासगी? तुम्ही स्वतः डॉक्टर, नर्स वगैरे आहात का? रोज जाणार की आठवड्यातून एकदा? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सोनचाफा
ताई, फार चांगला विचार आहे. आमचा गट वॉर्डातल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवतो. मुलं अगदी वाट बघत असतात. जाडजूड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं न्या, ती पुसून घेता येतात. कापडी बाहुल्या नेऊ नका. तुमच्या गावात असा गट काढायचा असेल तर नोंदणी कशी करायची, देणगीदारांना करसवलत देणारं ८०जी कसं मिळवायचं ते सगळं मी सांगू शकते.

गिरणाकाठ
@सोनचाफा, धन्यवाद, पण गोष्टी सांगायच्या नाहीत आणि संस्थाही काढायची नाही.
@पाणवठा, नाशिक. ट्रस्टचं. डॉक्टर नाही. वेळ भरपूर आहे.

रात्रपाळी
मी मुलांच्या आयसीयूत नर्स आहे. मनापासून सांगते, राग मानू नका. सुरक्षितता बघायला बाहेरचं माणूस येणार म्हटलं की आमच्या अंगावर काटा येतो. आधीच एका सिस्टरकडे जितकी मुलं असायला हवीत त्याहून जास्त असतात. त्यात कुणी वही घेऊन मागे उभं राहिलं तर काम होत नाही, नुसती धास्ती वाढते.
मुलांच्या वॉर्डात चूक कशी होते ते बघा. मोठ्यांना एक गोळी म्हणजे एक गोळी. इथे प्रत्येक डोस वजनावर. तान्हं बाळ ३ किलोचं, शेजारच्या कॉटवर ३० किलोचा मुलगा, औषध तेच. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. म्हणून जोखमीची औषधं दोन जणींनी वेगवेगळं गणित करून ताडायची असतात. आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी येतं, सिस्टर, सलाईन संपलं. सिस्टर, एक्स-रे कुठे काढतात. सिस्टर, योजनेच्या कागदावर सही कुणाची. मान वर केली की गणित तुटतं.
मला स्वयंसेवक हवा असेल तर तो औषधांच्या वेळेला वॉर्डाच्या दारात हवा. एक्स-रेचा रस्ता दाखवणारा, जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे नेऊन सोडणारा. सलाईन संपलंय असं कुणी म्हणालं तर ते मोकळ्या सिस्टरपर्यंत पोचवणारा. ऐकायला छोटं वाटेल, पण त्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारली नाही तर माझ्या हातून चूक होण्याची शक्यता खरोखर कमी होते.

चाकण_लाईन
रात्रपाळी सिस्टरांच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. माणसाला सावध राहायला सांगून चुका थांबत नाहीत. वाहनउद्योगात आम्ही हे फार पूर्वी शिकलो. पार्ट उलटा बसूच शकणार नाही अशी रचना करायची, त्याला पोका योके म्हणतात. हॉस्पिटलातही तेच हवं. गिरणाकाठ यांनी चेकलिस्ट आणि पोका योके शिकून घ्यावं आणि तिथे प्रशिक्षण द्यावं. साहित्य मी देतो.

रात्रपाळी
मूल म्हणजे पार्ट नव्हे हो. पार्ट रडत नाही, हात ओढून घेत नाही, त्याची आई शेजारी उभी राहून रडत नसते. चेकलिस्ट आमच्याकडे ढीगभर आहेत. भरायला माणसं द्या.

चाकण_लाईन
मूल पार्ट आहे असं मी म्हटलंच नाही. सुई आणि नळीबद्दल बोलतोय. नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने दूध द्यायची सिरिंज शिरेच्या नळीला बसतेच कशी? ती बसते म्हणून कधीतरी कुणीतरी दूध शिरेत देतं. पोटाच्या नळ्यांसाठी वेगळ्या तोंडाच्या जोडण्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८०३६९-३. ती सिरिंज शिरेच्या नळीला घट्ट बसतच नाही. ही पोका योकेच झाली.

रात्रपाळी
हे मान्य. ते तोंड मला उद्या मिळालं तर मी देवाला नारळ फोडीन. पण खरेदी माझ्या हातात नाही आणि गिरणाकाठ ताईंच्याही नाही. त्यांना आत शिरायचंय, त्याचं बोला.

वैनगंगा
इथे कुणी आगीबद्दल बोललं नाही म्हणून लिहितोय. ९ जानेवारी २०२१, रात्री दोनच्या सुमारास भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. १७ बाळं होती, ७ वाचली, १० गेली. आमच्या जिल्ह्यात ती तारीख कुणी विसरलेलं नाही. ज्या कक्षात ऑक्सिजन चालू, वॉर्मर चालू, आणि रुग्णाला स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येत नाही, तिथे दार, वायरिंग आणि अग्निशामक नळकांडी याच्याआधी दुसरं काही नाही.
माझं म्हणणं, ताईंनी हेच काम घ्यावं. याला डॉक्टर लागत नाही. बाहेर पडायच्या दारापुढे ट्रॉल्या, गाद्या ठेवल्यात का? दाराला कुलूप आहे का? नळकांडीवरची तारीख उलटून गेलीय का? एकाच बोर्डाला किती प्लग? आठवड्यातून एकदा फिरून लिहायचं आणि सही घेऊन द्यायचं.
सरकारी रुग्णालय असेल तर रुग्ण कल्याण समिती असते, तिथे हा विषय ठेवता येतो. ट्रस्टचं असेल तर विश्वस्तांनाच गाठा.

पाणवठा
+१. हे कुणालाही करता येईल असं पहिलं काम दिसतंय.

ओहायोचा_हिवाळा
अमेरिकेतला अनुभव लिहिते. इथल्या बऱ्याच मुलांच्या हॉस्पिटलांत पालकांचं सल्लागार मंडळ असतं. स्वतःचं मूल तिथे राहून गेलेले आईवडील त्यात असतात. त्यांच्याकडे खेळणी देत नाहीत, कागद देतात. घरी सोडतानाचं पत्रक पालकाला कळतं का, वॉर्डातली पाटी रडवेल्या डोळ्यांनी वाचता येते का, हे ते सांगतात. आत येण्याआधी पार्श्वभूमीची चौकशी, लसीकरणाची नोंद, गोपनीयतेचा करार आणि प्रशिक्षण होतं.
आणखी एक सांगण्यासारखं. ओहायोतल्या ८ मुलांच्या हॉस्पिटलांनी एकत्र येऊन ठरवलं की सुरक्षिततेत आपापसांत स्पर्धा करायची नाही. कुणाकडे काय चुकलं आणि कशाने थांबलं ते एकमेकांना सांगायचं. त्याचंच पुढे देशभरचं जाळं झालं, आज त्यात १४० हून जास्त हॉस्पिटलं आहेत. नाशिकमधल्या हॉस्पिटलांनी असं का करू नये?

गिरणाकाठ
हे सगळं छान आहे, पण माझ्याकडे मंडळ नाही, जाळं नाही. माझ्यापुढे रिसेप्शन आहे. त्याच्या पुढचं सांगा.

थेम्सकाठी
इंग्लंडमध्ये २०२४ पासून मार्था रूल सुरू झालाय, तो वाचा. मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी सायकलवरून पडली, स्वादुपिंडाला मार लागला, आणि २०२१ मध्ये हॉस्पिटलातच सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून, गेली. तिची प्रकृती बिघडतेय हे आईवडील सांगत होते. वेळेत अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर बहुधा वाचली असती, असं कोरोनरने (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) म्हटलं. आता आईवडिलांना काळजी वाटली आणि वॉर्डात कुणी ऐकत नसलं, तर दुसऱ्या तज्ज्ञ पथकाला थेट बोलावता येतं. सुरुवात १४३ ठिकाणी केली. गिरणाकाठ यांनी नाशिकमध्ये याचाच आग्रह धरावा.

दवाखाना_फाटा
मी लहान गावात बालरोगाची प्रॅक्टिस करतो. असा नंबर इथे भिंतीवर लावला तर काय होईल, विचार करा. नातेवाईकांची गर्दी, त्यात स्थानिक पुढारी. मारहाणीविरुद्ध २०१० चा कायदा आहे तरी काचा फुटतातच. आधी डॉक्टर सुरक्षित करा, मग रुग्णसुरक्षा.

थेम्सकाठी
डॉक्टरसाहेब, ऐकून घेत नाहीत म्हणूनच राग साचतो, असं नाही वाटत? बाळ नेहमीसारखं नाही, एवढं आईला सगळ्यात आधी कळतं. ते सांगायला जागा असली तर ती आरडाओरडा कशाला करेल?

दवाखाना_फाटा
आईचं मी ऐकतोच. प्रश्न आईचा नाही, तिच्या मागे उभ्या असलेल्या वीस जणांचा आहे.

रात्रपाळी
दोघांचंही खरं आहे. मीही आईचं ऐकते, पण रात्री तीनला डॉक्टरांना उठवून 'आईला बरं वाटत नाहीये' एवढंच सांगायची हिंमत नव्या सिस्टरला होत नाही. नियम असेल तर होईल.

कडूलिंब_नागपूर
खोकल्याच्या औषधाबद्दल कुणीच बोलत नाही! २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं इकडे नागपुरात आणली होती. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल, मूत्रपिंडं निकामी. हॉस्पिटलात कितीही काळजी घ्या, बाटलीतच विष असेल तर काय करणार? लहान मुलांना खोकल्याचं औषध देऊच नका, मध आणि आलं द्या.

दवाखाना_फाटा
एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका. बोट्युलिझम होतो. कृपया असं सरसकट लिहू नका.

गिरणाकाठ
अवांतर थांबवाल का? औषध उद्योग मला माहीत आहे, औषध कंपनीत लेबलिंग आणि पॅकिंगच्या क्वालिटीमध्येच माझी नोकरी झाली. इथे प्रश्न हॉस्पिटलचा आहे.

रात्रपाळी
ताई!! हे पहिल्याच ओळीत का नाही लिहिलंत? लेबलिंग म्हणजे नक्की काय करायचात?

गिरणाकाठ
लाईन क्लिअरन्स, म्हणजे नवी बॅच सुरू करण्याआधी लाईनवर जुन्याचं काही उरलं नाही ना ते बघणं, आणि लेबल रिकन्सिलिएशन, म्हणजे लेबलांचा हिशोब. किती लेबलं आली, किती लागली, किती फाडली, एकही इकडे-तिकडे राहता कामा नये. एकाच्या बाटलीवर दुसऱ्याचं लेबल गेलं तर बॅचच्या बॅच परत. शेवटी सारख्या दिसणाऱ्या पॅकचं काम माझ्याकडे होतं. त्याचा इथे काय संबंध, असं वाटलं म्हणून लिहिलं नाही.

रात्रपाळी
संबंध तोच तर आहे. आमच्या ट्रॉलीत पोटॅशियम क्लोराइडचं अँप्यूल आणि डिस्टिल्ड वॉटरचं अँप्यूल रात्रीच्या उजेडात जवळजवळ एकसारखं दिसतं. पोटॅशियम तसंच शिरेत गेलं तर हृदय थांबतं. खरं तर ते वॉर्डात ठेवूच नये, फार्मसीत कुलपात ठेवावं. तरी बऱ्याच ठिकाणी ट्रॉलीत सापडतं. कंपनी बदलली की रंग बदलतो, आणि कालपर्यंत निळी पट्टी ज्याची होती ती आज दुसऱ्याची असते. हे बघायला तयार नजर लागते. ती आमच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे.
दुसरं, पॅरासिटामॉल. थेंबांच्या बाटलीत १ मिलीला १०० मिलीग्रॅम, सिरपमध्ये ५ मिलीला १२५ किंवा २५०. घरी गेल्यावर आई थेंबांच्या बाटलीतून चमचाभर पाजते, म्हणजे एका दमात ५०० मिलीग्रॅम. घरी सोडताना सिरिंजवर कुठपर्यंत भरायचं तिथे रेघ मारून दिली, आणि मराठीत, पावरी, अहिराणी बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत तोंडाने समजावलं, तर हे थांबतं. डोस डॉक्टर ठरवतील, तुम्ही ठरवायचा नाही. पण पत्रक कसं असावं ते तुम्ही सांगू शकता.

चाकण_लाईन
हेच मी म्हणत होतो. क्वालिटीच्या माणसाला आत घ्या.

पाणवठा
मग आता रिसेप्शनऐवजी कुणाला भेटायचं? तेवढं कुणीतरी लिहा.

रात्रपाळी
पीआरओ (जनसंपर्क) आणि सीएसआरवाले (समाजकार्य बघणारे) खेळण्यांकडेच पाठवतात, त्यांचं कामच ते. हॉस्पिटलला एनएबीएचचं (रुग्णालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) मानांकन असेल तर क्वालिटी मॅनेजर असतोच, नावानिशी विचारा. रुग्णसुरक्षा आणि गुणवत्ता हे त्यांच्या मानकांतलं स्वतंत्र प्रकरण आहे, त्याच्या बैठका होतात, कागद तयार करावे लागतात. त्यांना मदत हवीच असते. मानांकन नसेल तर मेट्रन आणि फार्मसिस्ट.
जाताना 'मला रुग्णसुरक्षेत काम करायचंय' असं म्हणू नका. ऐकणाऱ्याला वाटतं तपासणी आली. एका पानावर लिहून न्या : सारख्या दिसणाऱ्या औषधांची यादी करून देते, फोटोसह, तीन महिन्यांत. रुग्णाच्या फाईलला हात लावणार नाही, फोटोत रुग्ण येणार नाही, बघितलेलं बाहेर बोलणार नाही. पोलीस पडताळणी करून ठेवा. फ्लूची लस घ्या, कांजिण्या होऊन गेल्यात का ते सांगा, हिपॅटायटिस बी सुरू करा. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी जायचं नाही.

गिरणाकाठ
हिपॅटायटिस बीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी ना? तोवर थांबायचं?

रात्रपाळी
पहिलं काम फार्मसीच्या कपाटाशी आहे, सुईशी नाही. सुरू करा, डोस चालू राहतील. आणि वॉर्डात पाय ठेवायच्या आधी हात. हँडरबने २० ते ३० सेकंद, साबणाने ४० ते ६०. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून.

वैनगंगा
आणि दार मोकळं आहे का तेही बघाच.

ओहायोचा_हिवाळा
१७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन, २०२५ चा विषय नवजात आणि बालरुग्णच होते. त्या दिवशी हॉस्पिटलांत कार्यक्रम ठेवतात, क्वालिटीवाल्यांशी ओळख करून घ्यायला बरा.

गिरणाकाठ
सप्टेंबरपर्यंत थांबणार नाही. पान आज रात्री लिहिते आणि इथे टाकते. रात्रपाळी सिस्टर, तुमची ड्यूटी संपल्यावर वाचून खटकेल ते कापा. @वैनगंगा, दारांची आणि नळकांड्यांची तुमची यादी तशीच्या तशी त्याच पानावर घेते, चालेल ना?

वैनगंगा
चालेल काय, घ्याच. ऑक्सिजनच्या पाइपलाइनचंही दोन ओळी लिहून पाठवतो.

सोनचाफा
औषधांच्या वेळेला वॉर्डाच्या दारात उभं राहायचं काम आमच्या गटातल्या बायका करतील. मी पुण्यात आहे. गोष्टींच्या निमित्ताने आमची आत ये-जा आहेच. सिस्टर, ती वेळ साधारण कोणती असते?

खंबाटकी
कोल्हापुरात कुणी करतंय का असं काही?