२२ महिन्यांचा मुलगा अजून बोलत नाही, मदत हवी आहे

'आई' आणि 'दे' सोडलं तर त्याच्याकडे शब्दच नाहीत. "चप्पल आण" म्हटलं की दोन्ही चपला छातीशी धरून धावत येतो, म्हणजे कळतं सगळं. पण मागून हाक मारली तर कधी वळतो, कधी नाहीच. तेच मनातून जात नाही. 'मुलगे उशिराच बोलतात' हे घरच्यांचं म्हणणं मला पटत नाही. २ वर्षांपर्यंत मूल दोन शब्द जोडू लागतं. डॉक्टरांनी आधी कानांची बेरा चाचणी (नीट ऐकू येतं का ते तपासणारी) सांगितली आहे. त्यासाठी मूल शांत झोपलेलं लागतं, आणि हा जरा खुट्ट झालं की उठतो. तुम्ही कसं झोपवलंत? स्पीच थेरपी रिपोर्टआधीच सुरू केलीत का? कृपया अनुभव सांगा.