सायकलरिक्षा एका बाजूला का ओढते

रिक्षा निघताना बाजूला ओढते ती फ्रेम वाकल्यामुळे, असं काहींचं म्हणणं असतं. कधी तसंही असतं, पण मूळ कारण रचनेत आहे. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. मागची दोन्ही चाकं अ‍ॅक्सलला (चाकांमधल्या दांड्याला) घट्ट असती तर टायर घासले असते आणि डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर देऊनही वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, परवडत नाही. म्हणून साधारणपणे एकच चाक अ‍ॅक्सलला पक्कं, दुसरं मोकळं फिरतं. जोर एकाच बाजूने लागतो. पक्कं चाक चिखलात गेलं की चेन नुसती फिरते.

खरी खोट ब्रेकची. वजन मागे, ब्रेक मात्र बहुधा फक्त पुढच्या चाकाला. त्यात गिअर नाही, म्हणून चढावर उतरून ओढायची. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुधारित रिक्षा बनवली तेव्हा गिअर आणि मागच्या चाकांचे ब्रेक यांवरही भर दिला होता.