कातकरी मुलांची वर्गातली मैत्री कशी मोजावी?

प्राथमिक_शिक्षिका: पाचवी, पट ३०, पैकी ६ कातकरी. एकटं कोण पडतंय हे कसं शोधायचं? दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर जातात, त्याआधी हवंय.

जाळीदार: ताई, मोरेनोची समाजमिती वापरा, म्हणजे गटात कोण कोणाला निवडतं हे मोजायची पद्धत. एकेकाला बाजूला घेऊन हजेरीपटावरची सगळी नावं वाचून दाखवा आणि विचारा, 'मधल्या सुट्टीत कोणाबरोबर खेळतोस?' तीनच नावांची अट घालू नका, खरी मैत्री कापली जाते. 'नावडतं कोण' हे तर विचारूच नका, वर्गभर बोभाटा होतो. उत्तरं ३० × ३० च्या तक्त्यात भरा. दोघांनी एकमेकांचं नाव घेतलं तरच पक्की जोडी. गैरहजर मुलांना नंतर गाठा, नाहीतर त्यांच्या जोड्या दिसतच नाहीत.

आकडेमोड: प्रत्येक कातकरी मुलाला ५ कातकरी सोबती, बाकीचे २४. डोळे झाकून निवडलं तरी सहात जेमतेम एक नाव आपल्यातलं येईल. तिनात दोन आली तर ओढा आतला आहे, पण तो दोष मानू नका. वस्तीवरची मैत्री हाच मोठा आधार असतो. ज्याची एकही पक्की जोडी नाही, आतली ना बाहेरची, त्याच्याकडे आधी बघा.

समुपदेशक: मनःस्थितीसाठी गुडमन यांची २५ वाक्यांची एसडीक्यू (मुलांची बलस्थानं आणि अडचणी तपासणारी) प्रश्नावली आहे. अकराच्या आतल्यांसाठी शिक्षक-पालकांचा नमुना घ्या. त्यातली सवंगड्यांविषयीची ५ वाक्यं मैत्रीच्या आकड्यांशी ताडू नका, तीही मैत्रीच मोजतात. भावनिक त्रासाची ५ घ्या. गट पाडताना कातकरी मुलं दोन-दोन एकत्र ठेवा. एकेक विखुरलं की मूल गप्पच होतं.