अपघातात वाकलेल्या जुन्या रॅले सायकलीचा चिमटा आणि पुढची रिम कोठे मिळेल?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. माझे आजोबा मिलमध्ये कामाला असताना त्यांनी घेतलेली, नॉटिंगहॅमच्या कारखान्यात तयार झालेली रॅले सायकल मी अजून रोज चालवत होतो. २८ इंची चाके, गजांचे (वायरऐवजी सळ्यांनी ओढले जाणारे) ब्रेक, मागे स्टर्मी-आर्चरचा तीन वेगांचा हब आणि पुढच्या चाकात त्याच कंपनीचा, दिव्यासाठी वीज तयार करणारा डायनॅमोचा हब, असा तिचा मूळ साज आहे. गेल्या महिन्यात सात रस्त्याजवळ गल्लीतून अचानक आलेल्या दुचाकीवर ती समोरून आदळली. मला थोडे खरचटले एवढेच; परंतु चिमटा (पुढचे चाक धरणारा भाग) मागे झुकला आणि रिम इतकी मुरडली की आउट काढण्यापलीकडे गेली. दुकानात नवा देशी चिमटा लावून पाहिला, तर आमची जुनी वरची वाटी (हँडलखालच्या बेअरिंगची) त्यावर दोन-तीन फेरे फिरून अडकली. मिस्त्री जोर लावून बसवायला तयार होते, पण मीच थांबवले. फ्रेम वाचेल का, आणि हे सुटे भाग कसे शोधावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (अक्कलकोट रोड)

आपण जोर लावू दिला नाहीत, हे फार चांगले केलेत. रॅलेने आपल्या कारखान्यात चिमट्याच्या खुंटावर (फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर जाणाऱ्या दांड्यावर) इंचाला २६ आटे ठेवले होते, तर इतर बहुतेक ब्रिटिश सायकलींना इंचाला २४ आटे असत. दोन्ही खुंट बाहेरून एक इंचाचेच असल्यामुळे डोळ्यांना फरक कळत नाही आणि वाटी सुरुवातीला फिरतेही. पण प्रत्येक फेऱ्याला चूक वाढत जाऊन ती अडकते, आणि त्यानंतर पाना लावला की दोन्हीकडचे आटे कापले जातात. म्हणून जुन्या खुंटावर पट्टी ठेवून एका इंचात किती आटे येतात ते आधी मोजा. एखाद्या कारखान्यात पिच गेज (आटे ताडून पाहण्याचे माप) असेल तर अधिक उत्तम.

२६ आट्यांचा चिमटा मिळाला नाही, तरी मार्ग बंद होत नाही. फ्रेमच्या नळीत ठोकून बसवलेल्या वाट्यांना आटे नसतात. आटे फक्त खुंटावर, वरच्या फिरत्या वाटीत आणि नटात असतात. म्हणजे नव्या चिमट्याबरोबर त्याचा स्वतःचा पूर्ण वाट्यांचा संच घेतला आणि त्या वाट्यांचा बाहेरचा व्यास आपल्या नळीच्या आतल्या व्यासाशी व्हर्नियरने ताडून पाहिला, तर काम निभावते. खुंटाची लांबी मात्र जुन्याइतकी किंवा थोडी जास्त हवी, कारण जास्तीचा खुंट कापता येतो, तोकडा वाढवता येत नाही. यंत्रमागाचे भाग करणारे टर्नर आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि २६ आट्यांचा नट लेथवर कापणे त्यांना अवघड नाही. मागे गेलेला जुना चिमटा पुन्हा पुढे ओढून वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खुंट जिथे माथ्यात शिरतो तिथली चीर बाहेरून दिसत नाही, आणि चिमटा तुटतो तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही.

उत्तर (भवानी पेठ)

चिमट्याचे पैसे देण्यापूर्वी फ्रेम तपासून घ्यावी. समोरची धडक बसली की पुढच्या सांध्यामागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटाकडे आणि वरच्या दांड्याच्या खाली, सुरकुती पडते. रंग तडकला आहे का ते उजेडात पाहा आणि अंगठा फिरवून फुगवटा लागतो का ते बघा. त्यानंतर मागच्या एका एक्सलच्या खाचेपासून सुतळी काढून, पुढच्या उभ्या नळीला वळसा घालून, दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून बांधा. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंना अंतर सारखे भरले पाहिजे. किरकोळ फरक असल्यास पोलादी फ्रेम थंड अवस्थेतच सरळ करता येते, तिला भट्टी दाखवू नये. सुरकुती असली तर ती नळी बदलावी लागते. हे सांधे पितळेच्या झाळेने जोडलेले असतात, त्यामुळे तापवून नळी बाहेर काढता येते; परंतु त्यावर साधे आर्क वेल्डिंग करू देऊ नका, कारण मुरलेले पितळ वेल्डमध्ये मिसळले की जोड चिरतो.

उत्तर (पूर्व भाग)

डायनॅमोच्या हबविषयी अद्याप कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. रिम बदलताना मिस्त्री हब उघडू लागले तर त्यांना कृपया थांबवा. आतले चुंबकाचे कडे आणि तारांचे वेटोळे विलग केले की चुंबकाची शक्ती उतरते आणि मग दिवा मंद होतो. ते काढावेच लागले, तर चुंबकाला सतत लोखंडी कडे लागलेले राहील अशा रीतीने ते सरकवत बाहेर काढावे. चाकाच्या तारा कापल्या तरी हबला धक्का लागत नाही, तेवढेच करावे.

रिम घेताना '२८ इंची' एवढ्यावर भागत नाही. आपल्या गजब्रेकच्या सायकलीची २८ x १½ रिम टायर बसण्याच्या जागी ६३५ मिलिमीटरची असते. नव्या सायकलींची ७०० सी रिम ६२२ ची असते आणि तिलाही काही ठिकाणी २८ म्हणतात. शिवाय गजाचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला, हबकडच्या तोंडाला लागतात, म्हणून रिम त्याच घडणीची हवी. तारांची भोके मोजून घ्या, ब्रिटिश पद्धतीत पुढे ३२ आणि मागे ४० असतात. या मापाचे टायर आजही देशात तयार होतात, त्यामुळे ती काळजी नाही.

सुट्या चिमट्यापेक्षा अख्खी मोडकी सायकल शोधणे मला सोपे वाटते. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडील जुन्या सायकल दुकानांच्या माळ्यावर आणि भंगारवाल्यांकडे विचारावे. रॅलेच्या भागीदारीत चाललेल्या आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातील सायकली दिसल्या तर त्याही मोजून पाहाव्यात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फेरी मारण्यासारखी आहे. जाताना जुना चिमटा हातात असू द्या, मापे तोंडी सांगून उपयोग होत नाही.

प्रश्नकर्ता (जुळे सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी पट्टी लावून मोजले, इंचात २६ आटेच भरले. सुतळी दोन्ही बाजूंना सारखी आहे आणि दांड्याखाली रंग शाबूत आहे, परंतु खालच्या नळीच्या पोटाला सांध्यामागे दोन बोटांवर हलकासा फुगवटा हाताला लागतो. त्यामुळे चिमट्याआधी त्या नळीची झाळ उघडून देणारा कारागीर शोधतो. हबला हात लावू दिलेला नाही, तारा मीच कापल्या आणि तो कापडात गुंडाळून ठेवला आहे.