बरगडी मोडण्याच्या भीतीबद्दल

"चुकून बरगडी मोडली तर? त्यापेक्षा अँब्युलन्सची वाट पाहिलेली बरी," असं सीपीआरबद्दल, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याबद्दल, कुणीतरी म्हटलंय, त्यावर थोडं.

मोडू शकते, छाती अगदी नीट दाबूनही. पण बरगडी जुळून येते. हृदय बंद पडलेल्या माणसाला कुणी हातच लावला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ ला फोन लगेच लागला तरी आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमधून अँब्युलन्स आत शिरायलाच पाचेक मिनिटं जातील!

आमच्या सोसायटीत सीपीआरचं प्रशिक्षण झालं तेव्हा पुतळ्यावर माझी पहिली पाळी होती. मी कणीक तिंबल्यासारखं दाबत होते. शिकवणारे म्हणाले, "ताई, कोपर ताठ ठेवा, खांद्यातून वजन टाका." छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत घाम फुटला. म्हणून तर घरात एकालाच येऊन भागत नाही, आलटूनपालटून करावं लागतं.

आणखी एक. कोसळलेला माणूस मध्येच आचके देतो, घरघरतो. त्याला श्वास समजून लोक थांबतात, नाहीतर पाणी पाजायला धावतात. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की फोन स्पीकरवर टाकून दाबायला लागायचं. तोंडाने श्वास देणं जमत नसेल तर मोठ्या माणसाला नुसतं दाबत राहिलं तरी चालतं. बुडालेल्याचं आणि लहान मुलांचं मात्र वेगळं असतं.