ओव्हरहॉलनंतर डिझेल इंजिनात आलेला कंप: पुन्हा खोलण्याआधी काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्या वाहनातील चार सिलिंडरच्या, यांत्रिक इंधन पंप असलेल्या डिझेल इंजिनाचे नुकतेच पूर्ण ओव्हरहॉल करून घेतले. क्रँक (पिस्टनांच्या जोराने फिरणारा मुख्य शाफ्ट) ग्राइंड करून त्याच्या नव्या मापाची अंडरसाइज बेअरिंग घातली, लायनर आणि पिस्टन नवे बसवले, हेडचे काम झाले, नोझल तपासून घेतले, फ्लायव्हीलची (क्रँकच्या टोकावरील जड चाकाची) झिजलेली बाजू ग्राइंड करून सपाट केली आणि क्लच प्लेट व प्रेशर प्लेट या दोन्ही बदलल्या. इंजिन सहज सुरू होते, धूर नाही, ऑइलचा दाब योग्य आहे आणि ओढही पूर्वीपेक्षा चांगली आहे. मात्र साधारण १४०० आरपीएमच्या पुढे संपूर्ण वाहनात बारीक पण कठोर असा कंप सुरू होतो आणि रेस वाढवावी तसा तो वाढतच जातो. वाहन जागेवर उभे असताना, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवूनही तो तसाच जाणवतो. आयडलला, म्हणजे रेस न देता, लय किंचित चुकल्यासारखी थरथर आहे, पण ती सहन होण्याजोगी आहे. इंजिन माउंटिंग नवी आहेत.

ज्यांनी काम केले ते म्हणतात की इंजिन नवे आहे, थोडे चालले की आपोआप बसेल. दुसऱ्या एका मेकॅनिकने पंपाचे टायमिंग थोडे मागे घेण्याचा सल्ला दिला. दोन्ही उत्तरे मला पटत नाहीत. एवढा खर्च आणि कष्ट करून उभे केलेले इंजिन अंदाजाने पुन्हा खोलण्याची माझी तयारी नाही. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, याचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिला प्रतिसाद

सर्वप्रथम एक विनंती: टायमिंगला सध्या हात लावू नका. जे बरोबर असण्याची शक्यता अधिक आहे ते हलवले, तर एका दोषाच्या जागी दोन दोष होतील आणि मग कोणत्या बदलाने काय घडले हे कळणे अवघड होईल.

सिलिंडरांमधील ज्वलन असमान असेल, म्हणजे एखादे नोझल कमी इंधन देत असेल किंवा एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी असेल, तर त्याचा त्रास आयडलला सर्वाधिक जाणवतो आणि रेस वाढली की बहुधा कमी होतो. तुमच्याकडे मुख्य तक्रार नेमकी उलटी आहे. फिरणाऱ्या भागाचे वजन एका बाजूला जास्त झाले, तर त्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे आरपीएम दुप्पट झाले की जोर चौपट होतो. हा कंप वाढतच जातो, मध्येच नाहीसा होत नाही, यावरून माझा कल असंतुलनाकडे आहे. तो एखाद्या अरुंद पट्ट्यातच येऊन पुढे विरला असता, तर मी आधी सायलेन्सरचा पाइप कुठे बॉडीला टेकतो आहे का, किंवा माउंटिंगचा एखादा बोल्ट ताणात कसला गेला आहे का, हे पाहायला सांगितले असते. तेही एकदा पाहून घ्यावेच, कारण त्याला खर्च नाही.

वाहन उभे असताना कंप येतो, म्हणून चाके आणि प्रोपेलर शाफ्ट यादीतून गेले. आता त्याच रेसला क्लच पूर्ण दाबून पाहा. क्लच दाबल्यावर क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट सुटे होतात, पण फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट क्रँकबरोबर फिरतच राहतात. कंपात फरक पडला नाही, तर शोध आणखी आटोपशीर होईल. आणि "आपोआप बसेल" याबद्दल: रिंगा आणि लायनर चालून बसतात हे खरे, परंतु फिरणाऱ्या भागाचे एका बाजूला असलेले जास्तीचे वजन कितीही चालवले तरी कमी होत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र हाताला काय जाणवते यावर न थांबता कंपाची वारंवारता मोजावी, असे मी आग्रहाने सुचवेन. त्यासाठी मोबाइलमधील कंपन मोजणारे एखादे साधे ॲप पुरेसे आहे.

इंजिन १२०० आरपीएमवर स्थिर ठेवा. म्हणजे क्रँक सेकंदाला २० फेरे घेतो. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणून एखादा सिलिंडर दुबळा असेल तर ॲपच्या आलेखात १० हर्ट्झवर (सेकंदाला १० वेळा) शिखर दिसेल. फिरणाऱ्या भागात असंतुलन असेल तर ते २० हर्ट्झवर दिसेल. चार सिलिंडर मिळून एका फेऱ्यात दोनदा ज्वलन होते आणि पिस्टनांच्या वरखाली हालचालीतून उरणारा जोरही फेऱ्यात दोनदाच येतो, त्यामुळे ४० हर्ट्झवर काही ना काही दिसणारच. तो या रचनेचा स्वभाव आहे, दोष नव्हे. फेऱ्यात दोनदा येणारा हा जोर मारण्यासाठीच काही इंजिनांत क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणारे बॅलन्सर शाफ्ट असतात. तुमच्या इंजिनात ते असतील आणि जुळणीच्या वेळी त्यांच्या खुणा चुकल्या असतील, तर कंप कमी होण्याऐवजी वाढतो आणि तो ४० हर्ट्झवरच सापडतो.

१२०० आरपीएम मी मुद्दाम सांगतो आहे, जरी तुमचा त्रास त्याच्या वर सुरू होत असला तरी. फोन सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर ५० हर्ट्झच्या वरचे काहीही तो खरे दाखवू शकत नाही. १८०० आरपीएमला मोजले तर फेऱ्यात दोनदा येणारा तो जोर ६० हर्ट्झवर असतो, पण असा फोन तो ४० हर्ट्झवर दाखवेल आणि तुम्ही नसलेल्या दोषाच्या मागे लागाल. फोन हातात धरू नका; सीटच्या बोल्टजवळ किंवा फ्लोअरच्या पत्र्यावर घट्ट चिकटवा.

प्रश्नकर्ता

आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिले याबद्दल मनापासून आभार. क्लच दाबल्याने काहीही फरक पडत नाही. सायलेन्सर कुठेही टेकत नाही. पुढचे बेल्ट काढून थोडा वेळ चालवून पाहिले, तरीही कंप तोच. १२०० आरपीएमला २० हर्ट्झचे शिखर सर्वांत उंच आहे, ४० चे त्याहून कमी आणि १० चे लहान पण स्पष्ट आहे. या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट नाहीत.

तिसरा प्रतिसाद

गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जुळवण्याआधी वजन करून घेतले होते का, हे विचारा. एक पिस्टन किंवा रॉड इतरांपेक्षा जड असला तर तोही फेऱ्यात एकदाच धक्का देतो, म्हणजे तोही २० हर्ट्झवरच दिसेल. केवळ आलेख पाहून फ्लायव्हीलला दोषी ठरवू नये.

चौथा प्रतिसाद

मुद्दा योग्य आहे, परंतु तपासण्याचा क्रम सोपे काम आधी असाच असावा. पिस्टनपर्यंत जायचे तर चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे पात्र) आणि हेड दोन्ही खोलावे लागतील. फ्लायव्हीलसाठी फक्त गिअरबॉक्स उतरवावा लागतो. शिवाय प्रश्नात एक वाक्य असे आहे की ज्यावर माझी नजर अडली: फ्लायव्हील ग्राइंड केले आहे. प्रेशर प्लेट मध्यावर बसावी म्हणून फ्लायव्हीलच्या पृष्ठभागातून डॉवेल पिना वर आलेल्या असतात. ग्राइंडिंगला त्या आड येतात, म्हणून काढल्या जातात, आणि परत ठोकायच्या राहून जातात. पिना नसल्या तरी बोल्ट कसले जातात आणि क्लचही व्यवस्थित काम करतो, त्यामुळे कोणालाच शंका येत नाही. प्रेशर प्लेट मात्र बोल्टच्या छिद्रांतील ढिलाईएवढी एका बाजूला सरकून बसते.

ही सरक किरकोळ वाटते, म्हणून हिशेब मांडतो. प्रेशर प्लेट ५ किलोची आणि ती मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेली धरा. ३००० आरपीएमला तिचा बाहेर खेचणारा जोर सुमारे २५० न्यूटन होतो, म्हणजे जवळपास २५ किलो वजनाइतका, आणि तो सेकंदाला ५० वेळा दिशा फिरवतो.

गिअरबॉक्स उतरवला की आधी पिना पाहा, मग डायल गेज लावून फ्लायव्हील किती डोलते ते मोजा. क्रँकच्या फ्लँजवर फ्लायव्हीलची जागा ठरवणारी खूण किंवा पिन असेल, तर तीही जुळते का ते पाहा. काही इंजिनांत फ्लायव्हीलची एक बाजू संतुलनासाठी मुद्दामच जड ठेवलेली असते आणि तिथे एका बोल्टाचीही चूक चालत नाही. सारे ठीक निघाले, तर रंगाने खूण करून प्रेशर प्लेट अर्धा फेरा फिरवून बसवा. कंप बदलला तर दोष प्लेटमध्ये किंवा तिच्या बसण्यात आहे; मुळीच बदलला नाही, तर फ्लायव्हील बॅलन्सिंगला पाठवा आणि त्यानंतरच पिस्टनांच्या वजनाचा विचार करा.

प्रश्नकर्ता

डॉवेल पिनांची तिन्ही छिद्रे रिकामी होती. योग्य मापाच्या पिना ठोकून तीच प्रेशर प्लेट पुन्हा बसवली. फ्लायव्हीलचे डोलणे मर्यादेत होते आणि खूण जुळलेली होती. आता २० हर्ट्झचे शिखर ४० च्या पुष्कळ खाली गेले आहे आणि रेस वाढवल्यावर वाहन शांत राहते. पिस्टनांची वजने लिहून ठेवलेली मिळाली नाहीत, पण आता त्यासाठी खोलण्याची गरज दिसत नाही. आयडलची थरथर आणि १० हर्ट्झचे लहान शिखर मात्र तसेच आहे.

पहिला प्रतिसाद देणारे

फार आनंद झाला. उरलेला दोष ज्वलनाचा आहे आणि तो वेगळाच समजून शोधावा. तुमचा पंप यांत्रिक असल्याने आयडलला एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करून पाहता येईल. हातमोजे आणि चष्मा घाला आणि पाइपचे तोंड फडक्याने झाका. निरोगी सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच अडखळते. ज्याच्यामुळे फारसा फरक पडत नाही, तो सिलिंडर दुबळा. त्याचे नोझल शेजारच्याशी बदला. दुबळेपणा नोझलबरोबर गेला तर नोझल पुन्हा तपासायला द्या. जागेवरच राहिला तर कॉम्प्रेशन मोजा. नोझल काढाल तेव्हा खाली जुना तांब्याचा वॉशर चिकटून राहिलेला नाही ना, हेही पाहा, कारण दोन वॉशर एकावर एक बसले तर नोझल वर राहते आणि फवारा चुकीच्या जागी पडतो.

हे वाचणाऱ्या ज्यांच्याकडे कॉमन रेल इंजिन (ज्यात सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून उच्च दाबाचे इंधन मिळते) आहे, त्यांनी नट सैल करण्याची ही पद्धत कधीही वापरू नये. तिथे रेलमधील दाब हजार बारच्याही वर जाऊ शकतो आणि अशी धार कातडी भेदून आत शिरते. त्या इंजिनांत स्कॅनरनेच एकेक इंजेक्टर बंद करून पाहावा.